साठ-पंचावन्नचा बल्ब

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. वडगावचा भाचा, टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या शेजारीणबाई, आणि फोंड्याला राहणारे माझे व्याही. गाडीचा लाइट कमी पडतोय, बल्ब कुठले घालायचे? तिघांना तीनदा फोनवर सांगून झालं. आता एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्याला दाखवता येईल.

उत्तर एका ओळीचं आहे. गाडीच्या दिव्यावर जो नंबर आणि जेवढे वॉट लिहिलेत, तेवढाच आणि तोच बल्ब. जास्तीचा नको, निळा नको, आणि हॅलोजनच्या दिव्यात एलईडी तर मुळीच नको. लोकांना हे उत्तर आवडत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, तू मास्तरीणच राहिलीस बघ." असू दे. हे उत्तर मी पुस्तकातून काढलेलं नाही. एका बाईचं मनगट मोडलं तेव्हा मला ते कळलं, आणि ते मोडायला कारण मी होते.

माझं माहेर साखळीचं, सासर बेळगावचं. बेळगाव-गोवा सोयरीक ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. निम्म्या शहापुराला विचारलं तर कुणाची आजी डिचोलीची निघेल, कुणाची आत्या म्हापशाची. आई अजून साखळीच्या घरात आहे, वय ८४. भाऊ-वहिनी सगळं बघतात, पण महिन्यातून एकदा गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. यजमान होते तेव्हा गाडी ते चालवत आणि गाडीचं सगळं तेच बघत. ते गेल्यावर गाडी विकायचा सल्ला सगळ्यांनी दिला, एकीने मात्र "चालवायला शिक" म्हटलं. मी त्या एकीचं ऐकलं. वॅगन-आर २०१३ची आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी हा रस्ता आता मला हाताच्या रेषांसारखा पाठ आहे. फक्त त्यातले खड्डे दर पावसाळ्यात जागा बदलतात.

आईकडून निघता निघवत नाही. चहा, मग "थोडं बस", मग फणसाचे गरे बांधून देणं. दुपारी तीनला निघायचं ठरवून साडेपाच होतात आणि घाट चढेपर्यंत अंधार. तेव्हा लक्षात आलं की लाइट पुरत नाही. वळणावर गाडी वळली तरी उजेड कुठेतरी समोरच्या झाडीत मिटमिटतोय, आणि रस्त्याची कड दिसतच नाही.

बेळगावात एका दुकानात गेले. दुकानदाराने गाडी बघितली, मला बघितलं आणि सरळ एक चकचकीत खोका काढला. "मॅडम, हेच घाला. अख्खं बेळगाव हेच घालायलंय. दिवसासारखं दिसतंय बघा." खोक्यावर 'एच-४' लिहिलेलं, त्याखाली '२०,००० लुमेन', आणि पांढऱ्या-निळ्या किरणांचं चित्र. किंमत साध्या जोडीच्या कितीतरी पट. मी विचारलं, "चालतात ना पण? पोलीस वगैरे?" तो हसला. "कोण विचारतंय मॅडम!" दहा मिनिटांत बसवून झाले. त्याच सॉकेटात बसले, वायर कापावी लागली नाही, आणि मला वाटलं, बसले म्हणजे बरोबरच असणार.

पहिले दोन महिने मी खूश होते, खोटं कशाला सांगू? गाडीच्या पुढे लखलखाट. रस्त्यावरचा खडान् खडा दिसायचा. समोरून येणारे अप्पर-डिपर मारून शिव्या घालायचे तेव्हा मी म्हणायचे, अरे, मी डिपरवरच आहे की!

श्रावणातला एक शुक्रवार. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला, कणकुंबी मागे टाकून मी जांबोटीकडे येत होते. समोरून एक मोटारसायकल, मागे बायको बसलेली. माझ्यापासून पन्नास-साठ फुटांवर ती मोटारसायकल हलली, कडेला गेली, आणि दिसेनाशी झाली. आवाज फार मोठा नव्हता. मला आधी वाटलं की ते लोक आतल्या वाटेने वळले असतील. मग लाल मातीच्या चरातून मागचं चाक वर आलेलं दिसलं.

त्या माणसाला खरचटलं होतं. त्याच्या बायकोचं उजवं मनगट मोडलं होतं. ते हाताकडे बघूनच कळत होतं. मी दोघांना गाडीत घेतलं आणि बेळगावला दवाखान्यात आणलं. तासभराच्या त्या वाटेत ती बाई एकदाही मोठ्याने रडली नाही. तिला काळजी एकच होती, नट्टी लावायची राहिलीय आणि आता वाफ्यात कोण वाकणार. आणि तो मला म्हणाला (हे वाक्य माझ्या कानातून जात नाही), "तुमची चूक नव्हं बाई. तुम्ही तुमच्या बाजूनंच होता. मला एकदम काहीच दिसंनासं झालं बघा. रस्ता कुठं आणि कड कुठं."

मी खरंच माझ्या बाजूने होते. डिपरवर होते. वेग चाळीसच्या आत होता. मग झालं काय?

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. यजमानांच्या ओळखीचे, वय झालेलं, बोलणं कमी. त्यांनी बॉनेट उघडलं, माझे एलईडी काढले आणि एका डब्यातून साधा एच-४ हॅलोजन काढून फडक्यात धरून माझ्यासमोर केला. म्हणाले, "टीचर, ह्यात काय दिसतंय सांगा."

काचेच्या नळीत दोन तारा होत्या. एक उघडी. दुसरी थोडी पुढे, आणि तिच्या खाली धातूची इवलीशी वाटी.

इथे मला कबूल करायला पाहिजे की मी एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शास्त्र शिकवलं. अंतर्वक्र आरसा, नाभी, मुख्य अक्ष. नाभीवर ज्योत ठेवली की किरण समांतर निघतात, म्हणूनच मोटारीच्या दिव्यात असा आरसा वापरतात, हे वाक्य मी फळ्यापुढे उभी राहून किती वेळा म्हटलं असेल! आणि ती वाटी मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

तर त्या वाटीचं काम असं. अप्परची तार आरशाच्या नाभीशी असते, तिचा उजेड सरळ लांब जातो. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे, आणि खाली वाटी. त्यामुळे डिपरचा उजेड आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर फेकला जातो. खालच्या अर्ध्यावर उजेड पडला असता तर तो वर गेला असता, समोरच्याच्या डोळ्यांत. वाटी तो अडवते. डाव्या अंगाला तो उजेड जरा वर उचललेला असतो, आपल्याकडे कडेने चालणारा माणूस दिसावा म्हणून. म्हणजे डिपर हा कमी उजेड नसून आखून दिलेला उजेड आहे, आणि ती आखणी मिलिमीटरची आहे.

एलईडीच्या बल्बात तार नसते. धातूच्या एका पट्टीवर दोन्ही बाजूंना चिप्स चिकटवलेल्या असतात. पट्टीलाच जाडी आहे, त्यामुळे उजेड निघण्याची जागा सरकते. आरसा मात्र तारेसाठी घडवलेला. मग उजेड जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. मिस्त्रींनी गाडी भिंतीसमोर उभी करून आधी एलईडी लावून दाखवले. भिंतीवर वरपासून खालपर्यंत पांढरा चिखल, रेघ अशी नाहीच. मग हॅलोजन लावले. उजेड पिवळसर, पण भिंतीवर स्वच्छ रेघ, वर अंधार, खाली उजेड. आणखी एक गंमत त्यांनी दाखवली. एलईडीचा लखलखाट गाडीच्या पुढ्यातच होता. पुढ्यातलं उजळलं की आपली बुबुळं आवळतात आणि लांबचं कमीच दिसतं. म्हणजे मला जे 'दिवसासारखं' वाटत होतं ते बरंचसं पंधरा-वीस फुटांतलंच होतं.

खोक्यावरच्या त्या २०,००० लुमेनचं काय? साध्या एच-४चे डिपरला साधारण १,००० लुमेन आणि अप्परला १,६५० असतात. यावरून खोका वाचताना किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

आता निवडायचं कसं, ते सांगते. बल्ब काढला की त्याच्या बुडावर, किंवा दिव्याच्या घरावर, नंबर कोरलेला असतो. गाडीच्या पुस्तकातही असतो. एच-४ म्हणजे एकाच बल्बात अप्पर-डिपर दोन्ही, १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट, मागे तीन पिना. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हाच. एच-७मध्ये एकच तार, ५५ वॉट, अशा गाडीत डिपरला वेगळा आणि अप्परला वेगळा बल्ब असतो, आणि अप्परचा नंबर निराळाही असू शकतो. एच-१, एच-११, एचबी-३, एचबी-४ ही बाकीची मंडळी. यातला एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. घासून, वाकवून बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहावं. चांगल्या बल्बावर वर्तुळात 'ई' आणि एक आकडा असतो, ती मान्यतेची खूण. आणि ज्या नव्या गाड्यांना कंपनीतूनच एलईडी दिवा येतो त्यांची गोष्ट वेगळी. तिथे आरसा आणि भिंगच चिपसाठी घडवलेलं असतं. त्याला हात लावू नये.

दुसरा मोह १००/९० वॉटचा. ही आपल्याकडची जुनी आवड, रॅलीवाल्यांपासून सुरू झालेली. तो एच-४च्याच जागी बसतो, म्हणून माणूस फसतो. १२ व्होल्टवर ६० वॉटला ५ अँपिअर लागतात, १०० वॉटला आठाच्या वर. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हाही माझाच धडा, दहावीचा. म्हणजे त्याच वायरीत जवळजवळ पावणेतीन पट उष्णता. मिस्त्रींच्या खणात वितळलेले होल्डर आहेत, चॉकलेट उन्हात ठेवल्यासारखे. आरशाची चांदीही काळवंडते, आणि मग साधा बल्ब घातला तरी तो दिवा कायमचा मंद.

निळसर काचेचे 'सुपर व्हाइट' हॅलोजनही मिळतात. निळा थर उजेड गाळतो, पांढरा दिसतो इतकंच. पैसे देऊन उजेड कमी करून घेण्याचा प्रकार.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो माझाच, कारण माझ्या गाडीचे बल्ब मुळात वाईट नव्हतेच. मिस्त्रींनी मीटर लावला. बॅटरीवर व्होल्टेज ठीक, बल्बापाशी मात्र दीड व्होल्टच्या आसपास कमी. अर्थिंगचा स्क्रू गंजलेला होता. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. आणि दिव्याची बाहेरची काच, जी खरं तर काच नसून प्लास्टिक असते, ती दहा वर्षांच्या उन्हाने पिवळी, धुरकट झालेली. घरात चाळिशीचा चष्मा धुवायचा सोडून ट्यूबलाइट बदलावी तसं मी केलं होतं. अर्थिंग घासून नीट बसवलं, काच पॉलिश केली, बल्बांची नवी जोडी घातली. जोडीच, कारण एक गेला की दुसराही म्हातारा झालेला असतो. सगळ्याचा खर्च त्या एलईडीच्या जोडीपेक्षा कमी आला.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसावा. हे मी आता स्वतः करते. कपलर ओढायचा, मागचं रबर काढायचं, तारेची क्लिप सोडायची. कुकरची रिंग बदलण्याइतकंच अवघड.

आणि मग भिंत. सपाट जागी, दहा मीटरवरून, डिपरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर खाली आली पाहिजे. डिकीत नारळाचं पोतं आणि मागे तीन माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि रेघ चढते. त्यासाठी डॅशबोर्डवर शून्यापासून आकडे असलेलं छोटं चाक असतं. माझ्या ओळखीच्या दहा गाडीवाल्यांना विचारलं, नऊ जणांना ते कशासाठी आहे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

यावर मला एकच गोष्ट ऐकवली जाते. "समोरचे सगळे तसलेच लाइट मारतात, मग आपणच का अंधारात जायचं?" व्याह्यांनीही हेच म्हटलं. रागाने नव्हे, त्यांना खरंच त्रास होतो. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून रात्री ते मडगावच्या पुढे जात नाहीत. मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्हाला त्रास देणारा दिवा तुम्ही विकत घेऊन तुमच्याच वयाच्या दुसऱ्याच्या डोळ्यांत मारणार, हा कुठला न्याय? वय वाढलं की दिपलेला डोळा सावरायला वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर उजेड डोळ्यातच पसरतो. आपली सगळी पिढी आता त्या वयात आहे, आणि आपल्याच पोरांच्या गाड्या आपल्याला कडेला घालतायत.

कायदाही काही मोघम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६वा नियम आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिपवणार नाही, असा दिवा खाली झुकलेला पाहिजे. मी स्वतःला मोजून बघितलं. उभी राहिले की माझे डोळे जवळपास तेवढ्याच उंचीवर येतात. जर्मनीत २०२०पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडीना परवानगी मिळाली, पण ती ठरावीक बल्बाला आणि ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यालाच, तपासणी करून. आपल्याकडे दुकानदार म्हणतो, "कोण विचारतंय?"

माझ्या बाबांकडे अ‍ॅम्बॅसेडर होती. त्या काळचे बल्ब बिनहॅलोजनचे, ४५/४० वॉटचे, उजेड म्हणजे निरांजनच. डिपरचं बटण पायाशी असायचं, डाव्या पायाने टक् करून दाबायचं. रात्री साखळीहून डिचोलीला जाताना समोरून बैलगाडी आली तरी तो टक् आवाज यायचा. आम्ही पोरं हसायचो, गाडीवान तर मागे झोपलेला असायचा. बाबा म्हणायचे, "गाडीवान झोपलाय गे, बैल जागे आहेत."

त्या बाईचा हात जुळला. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. दवाखान्याचा खर्च मी दिला, तो त्यांनी घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. नट्टी शेजाऱ्यांनी लावून दिली. पण अंगठा पूर्वीसारखा वळत नाही, विळा धरताना निसटतो, असं ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. मी विचारलं म्हणून.

आता आईकडून चारच्या आत निघते. गरे दुसऱ्या कुणाबरोबर पाठव म्हणून सांगितलंय. पावसात उशीर झालाच तर साखळीलाच राहते. साठ-पंचावन्नच्या बल्बावर घाटात मला पुरेसं दिसतं. वेग तेवढाच ठेवायचा की उजेडाच्या आत गाडी थांबेल.

परवा भाचा आला होता. म्हणाला, "मावशी, तुझ्याकडं ते एलईडी नुसतेच पडलेत नव्हे? मला दे की, फुकटचे." मी कपाटातून खोका काढून त्याला दाखवला. दोन्हींच्या वायरी मी मुळापाशी कापून ठेवल्यात.